माघातली अळंबी

समुद्रापारच्या ऊसमळ्यांच्या बेटावर, ग्रां बुआ गावातल्या जमुनाबाईंना कुणी संशयी म्हटलं तर त्या रागावत नसत. म्हणणाऱ्याच्या मनात नेमकं काय आहे, एवढंच त्या बघत.

काही माणसं जन्मतः डावखुरी असतात, तशा त्या जन्मतः संशयी होत्या. त्यामागं काही जुनं दुःख शोधायला जाऊ नये. बाप तुलसीराम भला माणूस, नवरा सत्यदेव त्याहून भला, शेजारीण बसंती जरा तोंडाळ पण दाराला कुलूप नसलेली. दूधवाल्यानं दूध घातलं की जमुनाबाई ते आधी नखावर घेत, मग नाकाशी नेत, मग मांजराला पाजत आणि मग मांजराकडे बघत बसत. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. जमुनाबाईंचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, कारण दूधसुद्धा त्या पहिल्यापासून फुंकूनच पीत आल्या होत्या.

पण संशयाचाही एक गुण असतो, तो कुणी लक्षात घेत नाही. प्रेमानं बघणारा माणूस अर्धंच बघतो, उरलेलं मनानं भरून काढतो. संशयानं बघणाऱ्याला ती सोय नाही. त्याला शेवटपर्यंत बघावं लागतं.

घरामागं, उसाच्या कडेला, जमुनाबाईंचा भाजीचा तुकडा होता. वांगी, भोपळा, थोडी मिरची. तिथं माकडं येत. माकडाला तिकडे सगळे झाको म्हणतात आणि झाको म्हणजे चोर, यावर साऱ्या गावाचं एकमत होतं. जमुनाबाई तरुणपणापासून उसातल्या काळ्या दगडांच्या राशीवर जुना पत्र्याचा डबा नि काठी घेऊन राखणीला बसत. आधी त्यांनी चोर म्हणूनच माकडं पाहिली. मग त्यातली एक कान फाटलेली मादी त्यांना ओळखू यायला लागली. कानतुटी यंदा गाभण आहे, तिचं थोरल्या नराशी बिनसलंय, तिच्या मागच्या पोराला काविळीसारखं काही झालंय, हे त्यांना नणंदेच्या घरातल्या बातम्यांपेक्षा जास्त ठाऊक असे. डबा वाजेनासा झाला. भोपळे जात राहिले आणि जमुनाबाई घरी येऊन माकडांना यथासांग शिव्या घालत राहिल्या.

तांगाचंही तसंच. हा काटेरी अंगाचा, लांब नाकाचा जीव उन्हाळ्यात पिलांची रांग घेऊन पाचटातून फिरतो आणि गावातली पोरं कुत्री घेऊन त्याच्या मागं लागतात, कारण त्याची कालवणं करतात. पोरं विचारत, इकडे तांग दिसला का? जमुनाबाई डोळ्यांची पापणी न हलवता सांगत, इकडे कसला तांग. आणि वटवाघळं लिचीवर येऊ नयेत म्हणून त्या झाडावर जाळं टाकायच्या, पण सगळ्यात वरची फांदी मोकळी सोडायच्या. हात पोचत नाही, म्हणायच्या. घरात शिडी होती.

त्याच लिचीच्या झाडाखाली दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या पावसात अळंबी उगवायची. मोठी, तपकिरी, मातीला ढुशी देऊन वर येणारी. आणि दरवर्षी जमुनाबाई छत्री घेऊन तिच्यासमोर जाऊन बसायच्या, आधी तीन टाळ्या वाजवून. टाळ्या नागासाठी. अळंबीच्या जागेवर नाग बसलेला असतो, ही समजूत त्यांच्या आज्यानं कोकणातून येताना बरोबर आणली होती. या बेटावर नाग नाही, कधी नव्हता, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण नाग नसला म्हणून नागाची भीती थोडीच मागं राहते. ती बोटीत बसून आली होती.

बोटीतून आणखी एक गोष्ट आली होती. खायची अळंबी श्रावणात येते, श्रावणाबाहेर जे उगवतं ते विष. आज्यानं बापाला सांगितलं, बापानं जमुनाबाईंना. तिकडे श्रावणात पाऊस असतो. इकडे श्रावण म्हणजे जुलै-ऑगस्टची थंडी, बोचरा वारा, तोडायला आलेला ऊस. तीन पिढ्या ही माणसं दर श्रावणात टोपली घेऊन फिरली, रिकामी परतली, आणि या मुलखात अळंबी नाही म्हणून हळहळली. मग माघात दाराशी अळंबीचा ढीग उगवला की ती अवेळची, ती विषारी, म्हणून पायानं उडवून दिली. पाऊस इकडे माघात पडतो हे सगळ्यांना दिसत होतं. अळंबीनं पावसाचं ऐकायचं की पंचांगाचं, हे कुणी विचारलं नाही.

जमुनाबाईंनी पायानं उडवली नाही. त्या बघत बसल्या. अळंबी मोडली की तिचं पिवळं मांस बघता बघता निळं पडतं, हे त्यांनी पाहिलं आणि शंकराच्या गळ्यातलं हलाहल आठवून त्यांच्या अंगावर काटा आला. कानतुटी येऊन तिचा तुकडा मोडून खाते, हेही पाहिलं. माकडाला पचतं ते माणसाला पचेलच असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी वास फार चांगला होता. चाळीस वर्षं त्या वासासमोर बसल्या आणि चाळीस वर्षं जीभ आत ठेवली. हे त्यांनी कुणालाही, सत्यदेवलाही, कधी सांगितलं नाही. सत्यदेव गेला तेव्हा तो भला माणूस काहीच न कळता गेला.

मग राजलक्ष्मी आली.

नवीन, त्यांचा एकुलता एक मुलगा, व्हाकोआच्या शाळेत शिकवायचा, क्युरपीपला बस बदलून रोज जायचा-यायचा. त्यानं तेर रूजच्या तेलुगू घरातली मुलगी स्वतःच ठरवली. गावाला वाटलं आता जमुनाबाई घर डोक्यावर घेणार. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. विरोध करणारा माणूस स्वतःचं मन उघडं करतो, आणि ते करायला त्या वेड्या नव्हत्या. लग्नात त्यांनी सगळं नीट केलं. फक्त मुलीच्या आईनं दिलेला लाडू हातात धरून ठेवला आणि घरी आणून कोंबड्यांना घातला.

त्यांच्या वस्तीत एक रीत होती. सुनेनं पहिल्यांदा रांधलं की पहिला घास सासूनं खायचा आणि मग उठून स्वयंपाकघरातली रोश कारी तिच्या हवाली करायची. रोश कारी म्हणजे मसाला वाटायचा तो जड दगडी पाटा. जोवर सासू घास खात नाही, तोवर सुनेनं त्या पाट्याला हात लावायचा नाही. एरवी हे सगळं लग्नाच्या आठवड्यातच उरकतं. जमुनाबाईंना आधी सोमवारचा उपास होता, मग दात दुखत होता, मग पित्त झालं होतं. गणपती आले, झाखडी नाचून झाली, विसर्जन झालं. दिवाळी झाली. राजलक्ष्मी आतल्या गॅसवर नवऱ्यापुरतं रांधायची, जमुनाबाई अंगणातल्या चुलीवर स्वतःपुरतं. मसाला वाटायला सून वाटी घेऊन बसंतीकडे जायची. एका घरात दोन धूर, म्हणून बसंती हसायची आणि बसंती हसली की गाव हसायचं.

सुनेत खोट काय होती? हाच तर घोळ होता. काही सापडत नव्हती. मुलगी हळू बोलायची, मराठी मोडकीतोडकी पण मन लावून बोलायची, सासूच्या कोंबड्यांना सासूपेक्षा वेळेवर दाणे घालायची. एवढं सगळं चांगलं असतं का कुठं? जमुनाबाईंच्या मते, ज्या घड्यात भोक दिसत नाही त्याचं भोक तळाशी असतं.

दोघींना एका जागी बसवलं ते तेलेनं. १९७९ च्या मध्याला नवीननं टेलिव्हिजन आणला. त्यावर दर शनिवारी संध्याकाळी हलत्या चित्रांची एक मालिका लागायची, फ्रेंचमधून. जमुनाबाईंना आधी तिचाही संशय आला. नट असले तर निदान चुकून खरं वागतील. हे तर सगळं हातानं काढलेलं, म्हणजे कुणीतरी बसून ठरवलेलं, आणि ठरवलेल्या गोष्टीत डाव असतोच. म्हणून त्या दाराआड उभं राहून बघत. दुसऱ्या शनिवारी उंबऱ्यावर आल्या. महिन्याभरात खुर्चीवर बसल्या, पाठ टेकायची नाही या अटीवर.

गोष्ट अशी होती. एका अंधाऱ्या रानाखाली एक नगर होतं आणि तिथली घरं म्हणजे अळंब्या, उजेड देणाऱ्या. जमुनाबाई खुर्चीवर बसल्या त्या याच्यामुळे. मोठ्या टोपीतली एक अनाथ मुलगी, सोबत एक बोलकं वटवाघूळ, दोघं या नगराच्या वेशीशी येऊन थांबलेली. आणि वेशीवर चाव्यांचा जुडगा घेतलेली एक म्हातारी. ही म्हातारी आलेल्या प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारायची आणि एकूण एकाला परत पाठवायची. मुलगी कित्येक शनिवार थंडीत बाहेर उभी होती.

फ्रेंच जमुनाबाईंना निम्मं कळायचं. उरलेलं राजलक्ष्मी सांगायची. आणि इथं जमुनाबाईंना नवा संशय आला, की ही पोरगी गोष्ट फिरवून सांगते. म्हातारी इतकी वाईट असणारच नाही. मला टोमणा म्हणून ही तिला वाईट करते आहे. खात्री करायला त्यांनी एका शनिवारी नवीनला वेगळं बसवून विचारलं. त्यानं तेच सांगितलं. तेव्हा त्यांना कळलं की दोघं मिळालेली आहेत.

“म्हातारी बरोबर करते,” त्या म्हणायच्या. “दिसला त्याला घेतला आत, तर नगर टिकंल का?”

“पण आई, पोरीनं काय केलंय?” राजलक्ष्मी विचारायची.

“तेच तर कळायला नको?”

वाद एवढाच. पण शनिवार दुपारपासून दोघी त्याची वाट बघायच्या. जमुनाबाई राशीवरून लवकर उतरायच्या. एकदा वटवाघळाच्या पंखाला जखम झाली, तेव्हा दोघींनी एकमेकींपासून तोंड फिरवलं. त्याच आठवड्यात राजलक्ष्मीनं लिचीच्या मोकळ्या फांदीकडे बघत विचारलं, “आई, वरचं जाळं मुद्दाम नाय घातलं ना?” जमुनाबाईंनी तिच्याकडे नीट वळून पाहिलं. आजवर हे कुणी पकडलं नव्हतं. म्हणजे ही पोरगीही नीट बघते. बघणाऱ्या माणसापासून सावध राहायला हवं.

डिसेंबरात नवीननं आईला एकटीला गाठून सांगितलं. तो आवाज चढवून बोलणारा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. वर्ष संपत आलं, म्हणाला, अजून तू हिच्या हातचं पाणी पीत नाहीस. माघापर्यंत बघतो. नाहीतर व्हाकोआला खोल्या बघून ठेवल्यात, आम्ही तिकडे जातो.

जमुनाबाई कोंबड्या डालायला निघून गेल्या. रात्रभर मात्र विचार केला. त्यांना ही दोघं जायला नको होती. सकाळी आतून येणारा भांड्यांचा आवाज, कोंबड्यांना हाक मारायची तिची ती चुकीची पद्धत, शनिवारची संध्याकाळ, हे सगळं त्यांना हवं होतं, अगदी पोटातून हवं होतं. मुलगा गेला तर घरात संशय घ्यायलासुद्धा कुणी उरणार नव्हतं. पण घास काही हातात उचलवत नव्हता. हट्ट नव्हता तो. दुसऱ्याच्या हातचं तोंडात घालताना घसा आपोआप मिटायचा, आणि आयुष्यभर मिटलेला घसा कुणी धमकी दिली म्हणून उघडत नाही.

मालिकेचा शेवटचा भाग जानेवारीतल्या एका शनिवारी होता. मागच्या शनिवारी म्हातारीनं पहिल्यांदाच चावी कुलपाला लावली होती आणि तिथंच चित्र थांबलं होतं. आठवडाभर दोघींमध्ये दुसरा विषय नव्हता. शुक्रवारी रेडिओवर सिक्लोनचा, म्हणजे चक्रीवादळाचा, इशारा वाढत वाढत गेला, शनिवारी सकाळी वारा फिरला, आणि दुपारी कुराँ गेली. साऱ्या बेटाची वीज गेली. छपराच्या पत्र्यांना दोर बांधून तिघं आतल्या खोलीत बसली होती, पाण्याखाली बसावं तशी. शनिवारची वेळ आली तेव्हा जमुनाबाईंनी काळ्या पडद्याकडे पाहिलं. राजलक्ष्मीही तिकडेच बघत होती.

तुफान गेल्यावर केळीच्या बागा झोपल्या होत्या, ऊस लोळला होता, भाजीच्या तुकड्यात नुसता चिखल होता. बुतिकमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात, तांदूळ आणि डब्यातले मासे एवढंच उरलं होतं. पाऊस आठवडाभर रिपरिपत राहिला. आणि एका सकाळी राजलक्ष्मी टोपली भरून घेऊन आली. लिचीखालची अळंबी.

जमुनाबाई अंगणात उभ्या होत्या. त्यांनी टोपली पाहिली, मग तिच्या हातातली सुरी पाहिली. पात्यावर निळा डाग होता.

काय काय वाटलं त्यांना एका क्षणात. ही माझ्या मागावर होती. माझी जागा हिनं शोधली. चाळीस वर्षं मी ज्याला हात लावला नाही, ते हिनं टोपलीत भरून आणलं. तेही माघात, श्रावणाला अजून अर्धं वर्ष आहे तेव्हा. राजलक्ष्मी आनंदानं सांगत होती की तिची आजी हीच अळंबी रांधायची, लिचीखाली हीच येते, तिकडे तेर रूजला सगळे खातात, आज आई तुम्ही खाऊन तर बघा. जमुनाबाईंना यातलं काही ऐकू आलं नाही. घाबरलेल्या माणसाची जीभ सगळ्यात आधी सुटते. त्या कुंपणाशी गेल्या आणि बसंतीला ऐकू जाईल असं बोलल्या:

“सुनेनं माज्यासाठी वीष आणलंय.”

बसंतीला सांगितलं म्हणजे गावाला दवंडी पिटायची गरज नाही. दुपारी ते बुतिकमध्ये पोचलं, संध्याकाळी बसमधून उतरताना नवीनच्या कानावर आलं. कुणीतरी हसत विचारलं, काय मास्तर, घरी जेवायला जाताय की जपून? राजलक्ष्मीनं सकाळीच सगळी टोपली पडलेल्या केळीच्या बुंध्याशी ओतून टाकली होती. ती रडली नाही, निदान दिसेल असं नाही. नवीननं आईकडे एकदाच पाहिलं आणि सांगितलं की गुरुवारी कामियों, म्हणजे मालाचा ट्रक, येईल सामानाला.

त्या आठवड्यात घरातलं बोलणं बंद झालं. जमुनाबाई राशीवर जाऊन बसत. कानतुटी तुफानातून वाचली होती, तिचं पोर मात्र दिसत नव्हतं. त्या तिच्याकडे बघत, ती यांच्याकडे. आपण बोललो ते खरं होतं का, हा प्रश्न त्यांना राहून राहून पडत होता, आणि ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट होती. आजवर त्यांनी जगावर संशय घेतला होता. स्वतःवर कधी घेतला नव्हता.

गुरुवार उजाडला. नवीन कामियोंवाल्याला आणायला बाहेर पडला. बोचकी ओट्यावर होती. राजलक्ष्मी पहाटेच लिचीकडे जाऊन आली होती. तिनं अंगणातली चूल पेटवली, सासूची चूल, न विचारता. अळंबी चिरली, ती निळी पडली, तिनं ती कांदा-लसणीवर टाकली, मसाला बसंतीकडून आणलेला होता. रोश कारीला तिनं आजही हात लावला नाही. मग ताट वाढून ती अंगणाच्या मधोमध, कुंपणावरून बसंतीला दिसेल अशी, पाटावर बसली आणि जेवायला लागली. विष रांधणारी म्हणून या गावातून जायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

जमुनाबाई दाराआड उभ्या होत्या. जिथून त्यांनी ती मालिका बघायला सुरुवात केली होती, तिथंच. त्यांनी पहिला घास जाताना पाहिला. दुसरा.

सुनेनं आपल्याला मारायला हे आणलं असेल, ही भीती त्या शोधायला गेल्या तर सापडेना. ती कधी नव्हतीच. होती ती वेगळीच. ही पोरगी मरेल. अळंबी अवेळची आहे, हिला कुणी सांगितलं नाही, हिची आजी कोण कुठली, तिला काय ठाऊक, हिचं काही बरंवाईट झालं तर मी काय करू. त्यांना रडू यायला लागलं. त्या धावल्याच, आणि ताटाची कड धरून ओढू लागल्या.

“थुंक. थुंक ते. ह्यो श्रावण नाय गो. मरशील.”

राजलक्ष्मीनं ताट सोडलं नाही. तिनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला प्रथमच काहीतरी कळल्यासारखं झालं. विष कुणी कुणासाठी आणलं हा प्रश्नच या बाईच्या डोळ्यांत नव्हता. ती हळूच म्हणाली, “आई, श्रावणात इकडं पाऊस कुठं असतो?”

जमुनाबाईंचा हात थांबला.

इतकं साधं होतं ते. लिचीसमोर त्या चाळीस पावसाळे बसल्या होत्या, आणि एकदाही श्रावणात बसल्या नव्हत्या. त्या खाली बसल्या, मातीतच, ओढणी सावरायचं भान नव्हतं. समोर ताट होतं, अर्धं खाल्लेलं, सुनेचं उष्टं. त्यांच्या आईनं, आजीनं, कुणी सुनेचं उष्टं खाल्लेलं नव्हतं. घसा नेहमीसारखा मिटला. त्यांनी वाट बघितली. समोर ती पोर चावत होती, गिळत होती, आणि हिला काही व्हायचंच असेल तर एकटीला होऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्यांच्या मनात उरलं. त्यांनी तिच्याच ताटातून घास उचलला आणि तोंडात घातला.

वासावरून वाटलं होतं त्याहून चव चांगली होती. एवढी वर्षं वाया गेल्याचा त्यांना भयंकर राग आला.

दोघी एका ताटात जेवत राहिल्या. कुंपणापलीकडे बसंती हातातलं धुणं विसरून उभी होती. मधेच जमुनाबाईंनी मान वर न करता विचारलं, “त्या म्हातारीनं दार उघडलं का गो शेवटी?”

राजलक्ष्मीनं ताटातला रस्सा बोटानं गोळा केला. “उघडलं,” ती म्हणाली. “पोरीला आत घेतलं. वटवाघळाला पण. म्हणाली, थंडीत लई उभी केली तुला.”

जमुनाबाईंना सगळं ठाऊक होतं. त्या शनिवारी साऱ्या बेटावर दिवा नव्हता. ही पोरगी त्यांच्या शेजारी चटईवर बसून काळा पडदा बघत होती. तो भाग हिनं पाहिला नव्हता, गावात कुणीच पाहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या तोंडावर सरळसरळ खोटं बोललं होतं आणि ते त्यांनी पकडलं होतं.

“बरं केलंन,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा घास घेतला.

नवीन कामियों घेऊन आला तेव्हा ताट पुसलेलं होतं आणि जमुनाबाई पोटावर हात ठेवून, काही होतंय का ते तपासत, ओट्यावर बसल्या होत्या. त्या संध्याकाळपर्यंत तशाच बसल्या. एका घासानं काही स्वभाव बदलत नाही. कामियोंवाल्याला पडलेल्या केळीतला एक हिरवा घड मिळाला आणि तो रिकामाच परत गेला. दिवेलागणीला, दोघीही जिवंत आहेत अशी खात्री झाल्यावर, त्या उठल्या आणि रोश कारी स्वतः घासून, धुऊन, पुसून सुनेसमोर सरकवली. बसंतीला दुसऱ्या दिवशी ऐकवलं की आमच्या आज्याचं पंचांग बोटीतून उतरलंच नाही, समुद्रातच राहिलं बिचारं, आणि तुला हे इतक्या वर्षांत कसं नाही गो कळलं?

त्यानंतर दर माघात त्या घरात अळंबी शिजली, एकाच धुरावर. राजलक्ष्मी जी दाखवेल तीच, आणि तीही जमुनाबाईंनी उलटीपालटी करून, हुंगून, पुन्हा तिला दाखवून घेतलेली. दूध त्या अजून नखावरच घेत. दोघी मिळून राशीवर बसत आणि माकडांची उणीदुणी काढत. म्हातारीनं दार कसं उघडलं, ही गोष्ट जमुनाबाई आळीतल्या पोरांना सांगत, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडे. पोरांनी शंका काढली तर म्हणत, माज्या सुनेनं बघितलंय.

१९८८ साली तीच मालिका तेलेवर पुन्हा लागली, आता रंगीत. जमुनाबाईंचे केस पांढरे झाले होते, गुडघे बोलत होते, पण एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही. अळंब्यांची घरं मधाच्या रंगाची होती हे त्यांना आत्ता कळलं. मग शेवटचा शनिवार आला. बाहेर पाऊस थांबून थांबून पडत होता, वीज होती. म्हातारीनं कुलपाला चावी लावली, आणि जमुनाबाई खुर्चीवरून उठल्या.

“आई, कुठं? आत्ता शेवट हाय,” राजलक्ष्मी म्हणाली. तिचा आवाज जरा घाबरा होता.

“बघ तू. म्या अळंबी बघून येते.”

त्या छत्री, काठी नि टोपली घेऊन लिचीकडे गेल्या, तीन टाळ्या वाजवल्या आणि ओल्या पानांतून काठी फिरवत राहिल्या. घरातून मालिकेच्या बाजाचे सूर आले, मग थांबले. बऱ्याच वेळानं राजलक्ष्मी अनवाणीच बाहेर आली आणि त्यांच्या मागं उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, ते कसं बोलावं हे तिला कळत नव्हतं.

“आई, ते दार…”

“गप,” जमुनाबाई म्हणाल्या. “तू सांगितलंयस मला.” आणि टोपली तिच्या हातात देऊन त्या पहिली अळंबी खुडायला वाकल्या.